तिरका पाय

बाबा,

शेवटच्या वर्षाच्या सुतारकामासाठी मी स्टूल निवडलं ते तुमच्यासाठीच, रंधा मारून दमलात की टेकायला. एक पाय तिरका बसला होता, मान्य. पण तो माझा होता! मी शाळेत गेले असताना तुम्ही तो काढून स्वतःच्या हातचा बसवलात आणि चकार शब्द काढला नाहीत. आज भर वर्गात सरांनी त्याच पायावर बोट ठेवून विचारलं, "हा सांधा कसा केलास?" तो माझ्या हातचा नाही हे सांगावं लागलं आणि स्टूल बाद झालं.

आता नवीन वस्तू निवडायची आहे. काय ते तुम्हाला सांगणार नाही. मावशीकडे राहून करेन.

स्टूल स्वयंपाकघरात ठेवलंय. तुमचा पाय काढून माझाच परत बसवलाय. डुगडुगतं, जपून बसा.

— धाकटी