जपानीण आणि दोन किलोचा हार

२१ सप्टें., रवि.

कोलशेतला म्हात्रेदादांच्या शेडमध्ये आमची रविवारची सभा. हजर : म्हात्रेदादा (शेड त्यांची, जमीन त्यांची, आवाजही त्यांचाच), डोंबिवलीहून केळकर सर, बाळकुमचा अद्वैत आणि मी. विषय एकच. माझी दोन हजार तीनची जपानी सेडान. वय झालं, पण इंजिन अजून ठणठणीत. आता हिचं पुढे काय करायचं?

म्हात्रेदादा : "टर्बो बसव गो बाय. मंग बघ कशी पलते."
केळकर सर : "कारखान्यातून आली तशीच ठेवावी. जपान्यांना आपल्याहून कमी कळत होतं का?"
अद्वैत : "ताई, इंजिन भारीच आहे, फक्त त्याचा कम्प्युटर झोपलाय. मॅप बदलला की एकदम मख्खन."

एका गणिताची तीन उत्तरं. माझ्या गणिताच्या क्लासमध्ये असं झालं असतं तर तिघांना बाहेर उभं केलं असतं. इथे चहा पाजला. तिघांचं एकमत फक्त यावर, की हल्लीच्या गाड्या म्हणजे चाकं लावलेले मोबाईल.

निघताना म्हात्रेदादा हळूच म्हणाले, "नायच जमला तं इंजिन मला दे. जीपमदी टाकतो." दर रविवारी म्हणतात. दर रविवारी मी बॉनेट लावून घेते.

२२ सप्टें., सोम.

घटस्थापना. सकाळी घट बसले, दुपारी घरात वादळ. दीपकने (यापुढे दी.) न विचारता इलेक्ट्रिक गाडी बुक केली! दिवाळीच्या पाडव्याला येणार. सोसायटीत आमची पार्किंगची जागा एकच. म्हणजे जपानीण जाणार.

"तिच्याशी तू माझ्यापेक्षा जास्त बोलतेस," म्हणे. मी म्हटलं, ती ऐकते.

सासूबाई (सा.बा.) चक्क माझ्या बाजूने. "त्या गाडीत मला पाय लांब करता येतात. नव्या गाडीचं कुणी बघितलंय?"

ही गाडी मी शिकवण्यांच्या पैशातून सेकंडहँड घेतली. दी.ला तेव्हा गाडीच नको होती. आता हवी तर ही नको. रडू आलं. कोथिंबीर निवडताना आलं ते बरं, कुणाला काही सांगावं लागलं नाही.

२४ सप्टें., बुध.

दोन दिवस अबोला. शेवटी दी.नेच तोडला, तोही पैज लावून. दसऱ्याला पूजा करायची, गाडी घेऊन केळकर सरांकडे डोंबिवलीला सोनं द्यायला जायचं आणि परत यायचं. स्वतःच्या चाकांवर परत आली तर जपानीण राहील, नवी गाडी रस्त्यावर लागेल. दोरीने आली तर पाडव्याआधी विकायची. साक्षीला सा.बा.

मी लगेच हो म्हटलं. अद्वैतला कळवलं. "ताई, टेन्शन नाही, डोंबिवली काय, ती गोव्याला जाईल." हेच ऐकायचं होतं.

२८ सप्टें., रवि.

खरं तर काही करायला नको होतं. गाडी व्यवस्थित चालत होती. पण व्यवस्थित चालणाऱ्या गाडीला हात न लावणं आमच्या सभेला जमत नाही.

म्हात्रेदादांनी हवेची नवी नळी बसवली. जुना फिल्टर डबा काढला, त्या जागी चकचकीत शंकूसारखा फिल्टर, नळीचं तोंड थेट पुढच्या जाळीमागे, डाव्या बाजूला. आतली बारीक जाळीही कापून टाकली. "इंजिनला मोकला श्वास पायजे. आपून नाकात कापूस घालून पलतो काय?"

केळकर सर खुर्ची फिरवून पाठमोरे बसले. सगळं झाल्यावर तो जुना डबा उचलला, रुमालाने पुसला, पिशवीत घातला आणि माझ्या हातात दिला. "जपून ठेवा. माझा त्या नळीशी काही संबंध नाही. तिला मी हात लावणार नाही."

अद्वैतने लॅपटॉप जोडून मॅप (इंजिनला पेट्रोल किती, कधी, याचा हिशेब) बदलला. घोडबंदर रोडला एक चक्कर. काय ओढते! इंजिनच्या फेऱ्यांचा काटा पाच हजारच्या वर गेला की अंगावर काटा येतो. मी मोठ्याने ओरडले. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, सब ठीक?"

२ ऑक्टो., गुरु. दसरा.

लिहायचीसुद्धा इच्छा नाही. तरी लिहिते.

सकाळी पूजा. हार दी.ने आणला. जांभळी नाक्यावरून, झेंडूचा, दोन किलोचा तरी असेल. एवढा तर आमच्या लग्नात मला नव्हता. "शेवटचा दसरा आहे तिचा, थाटात होऊ दे," म्हणाला आणि स्वतःच्या हाताने पुढच्या जाळीवर बांधला, घट्ट. वर पाणी शिंपडलं, ताजा राहावा म्हणून. मला तेव्हा गोडच वाटला.

सा.बा. आपट्याची पानं घेऊन पुढच्या सीटवर. माजिवडा, मग हायवे, माणकोलीला वळलो. हायवेलाच जरा जड वाटलेली. मोठागावच्या खाडीपुलावर चढताना घोरायला लागली, मग खोकली, मग काळा धूर, मग बंद. पुन्हा सुरू होई, ॲक्सिलरेटर दाबला की जीव टाकी. खाडीचा वारा, मागे हॉर्न. ट्रॅफिक हवालदार आले. सा.बा.नी काच खाली करून त्यांना सोनं दिलं. "सोन्यासारखे राहा." ते बिचारे मुकाट्याने पाया पडले आणि मागची वाहतूक वळवत उभे राहिले.

केळकर सर रिक्षाने आले. त्यांची स्वतःचीही अशीच जपानी आहे, सीटवरचं कारखान्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. ती दसऱ्याला धुळीत काढत नाहीत. म्हात्रेदादा जीप आणि दोर घेऊन आले.

ओढून आणताना सा.बा. मध्येच म्हणाल्या, "आज आवाज येत नाही गं हिचा. छान झालं, बोलता येतं."

दी. गेटवर उभा होता. हसला नाही. हसला असता तर भांडता आलं असतं.

३ ऑक्टो., शुक्र.

हरले. क्लासमध्ये पोरांना सोपं गणित चुकीचं सोडवून दाखवलं.

संध्याकाळी खाली जाऊन गाडीजवळ बसले. निदान तो हार तरी काढावा म्हणून हात घातला, तर वरून गॅलरीतून सा.बा. : "अगं, दसऱ्याचा हार हाताने काढतात का! सुकून पडेल तेव्हा पडेल." राहू दिला.

५ ऑक्टो., रवि.

सभा आज आमच्या पार्किंगमध्ये. तिघांनी तपासलं. हार मध्ये येत होता. प्रत्येकाने तो आदराने बाजूला सरकवला, काम केलं, परत नीट बसवला. म्हात्रेदादांनी तर आधी नमस्कारही केला.

निदान :

केळकर सर : पेट्रोलचा पंप गेला. अस्सलच बसवायचा, जपानहून मागवू.
अद्वैत : सेन्सर खोटं बोलतोय. लॅपटॉपवर दिसतंय की हवाच कमी येतेय, पण हवा कमी कशी येईल, नळी तर नवी आहे.
म्हात्रेदादा : इंजिन म्हातारं झालं, आतून खोलायचं. खोललंच तर टर्बोपण बसवून टाकू.

मी विचारलं, नळी एकदा काढून बघू या का? म्हात्रेदादा दुखावले. "माझ्या हातची नली हाय ती. आठ दिस नाय झालं." केळकर सर म्हणाले, मी हात लावणार नाही हे आधीच सांगितलंय. अद्वैत म्हणाला, ताई, नवी वस्तू कोण चेक करतं?

मलाही पटलं. गणित शिकवते आणि मला पटलं.

७ ऑक्टो., मंगळ.

दी.ने गिऱ्हाईक शोधलं. भिवंडीचा कुणीतरी, शनिवारी येणार. सुटे भाग करून विकतो म्हणे. जेवताना सांगितलं, माझ्याकडे न बघता.

मी वाढलेली आमटी तशीच ठेवून उठले. जपानीणीचे सुटे भाग. तिचा दरवाजा कुणाच्या तरी गाडीला, दिवे कल्याणला, बंपर कुठे कोण जाणे. म्हात्रेदादांना इंजिन दिलं असतं तर निदान कोलशेतला जाऊन आवाज तरी ऐकता आला असता. असले विचार येतात.

९ ऑक्टो., गुरु.

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

दी. ऑफिसातून आला, स्कूटर लावली आणि वर येण्याऐवजी गाडीसमोर उभा राहिला. दहा मिनिटं झाली तरी वर येईना म्हणून मी गॅलरीतून हाक मारली. तर खालून म्हणतो, "मीनल, हा हार डावीकडूनच का टकला झालाय?"

खाली गेले. खरंच. उजवीकडे सुकलेले, पण भरगच्च झेंडू. डावीकडे नुसता दोरा आणि चार देठ. "मी स्वतः निवडून आणलाय," म्हणाला, "दोन्हीकडे सारखा होता. पाकळ्या गेल्या कुठे?"

मांजर काही झेंडू खात नाही. बॉनेट उघडलं, नळीची पकड सोडवली. आत झेंडूचा लगदा! फिल्टरवर सगळीकडे केशरी लेप, ओला होऊन वाळलेला. दसऱ्यापासून जपानीण झेंडू ओढत होती आणि आम्ही चार शहाणे जपानहून पंप मागवत होतो.

आणि मग मी नको ते बोलले. "तू मुद्दाम केलंस. मुद्दाम दोन किलोचा आणलास. वीस वर्षं माझी बडबड ऐकतोस, हवा कुठून जाते ते तुला माहीत नाही होय?"

दी. बोटाला लागलेला लगदा बघत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं, शेवटचा आहे तर तिला छान दिसू दे." आणि वर निघून गेला.

मला फार, फार वाईट वाटलं.

१० ऑक्टो., शुक्र.

सकाळी चहा देताना माफी मागितली. "ठीक आहे," म्हणाला. ठीक नव्हतं. पोह्यांवर जास्त खोबरं घातलं. थोडं ठीक झालं.

फिल्टर फेकला. पिशवीतून केळकर सरांनी दिलेला जुना डबा काढला आणि मीच बसवला. किल्ली फिरवली. एका झटक्यात. सभेच्या ग्रुपवर फोटो टाकला.

केळकर सर : "कारखान्याचं ते कारखान्याचं."
अद्वैत : "बघा, सेन्सर खरंच बोलत होता."
म्हात्रेदादा, तासाभराने : "नली बरोबर होती. हार चुकीचा व्हता."

दी.चं म्हणणं, पैज तोच जिंकला. दोरीने आली म्हणजे दोरीने आली. मी म्हटलं, पेपर फुटला होता, फेरपरीक्षा घ्या. सा.बा. साक्षीदार म्हणून मध्ये पडल्या : "घे रे फेरपरीक्षा. मलाही जायचंय, केळकरांकडे सोनं द्यायचं राहिलंय." भिवंडीवाल्याला पुढच्या शनिवारचं सांगितलं. नाही म्हणून नाही सांगितलं.

१२ ऑक्टो., रवि.

फेरपरीक्षा. दी. स्वतः बरोबर आला, परीक्षक म्हणून. सा.बा. मागे, पाय लांब करून. पुलावर रस्ता मोकळा मिळाला. दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण उघडली. चार हजार, पाच, साडेपाच. इंजिन गायला लागलं. मी तोंड घट्ट मिटून ठेवलेलं, परीक्षकासमोर ओरडायचं नाही म्हणून.

दी.ने डॅशबोर्ड धरला. पुलापलीकडे गेल्यावर विचारलं, "काटा अजून पुढे जातो?" मी म्हटलं, जातो. "हं," म्हणाला. वीस वर्षांच्या संसारात मला या माणसाच्या "हं"चा अर्थ लागलेला नाही.

केळकर सरांनी डबा बघितला, समाधानाने मान हलवली, बाकरवडी दिली. परत आलो, स्वतःच्या चाकांवर. गेटमध्ये शिरताना मला रडू आलं. या वेळी कोथिंबीर नव्हती.

दी.ला विचारलं, मग? म्हणाला, "बघू."

१४ ऑक्टो., मंगळ.

शोरूमचा फोन आला, पाडव्याची वेळ पक्की करायला. दी. गॅलरीत जाऊन बोलला. "कळवतो" एवढंच ऐकू आलं. कुणाला काय कळवणार, देवाला ठाऊक. आत आला आणि अगदी सहज म्हणाला, "म्हात्र्यांचा नंबर दे गं."

भिवंडीवाला नको तर म्हात्रे. इंजिन जीपमध्ये. मीच एकदा जेवताना सांगितलं होतं ते दर रविवारी मागतात म्हणून. "कशाला?" विचारलं. "काम आहे," म्हणाला.

नंबर दिला. शेवटचा आकडा बदलून.

दी.ने तो फोनमध्ये घातला, आणि आंघोळीला जाताजाता दारातून विचारलं, "काय गं, टर्बो बसवला की हवा अजून जोरात ओढते ना? मग जाळी लावावी लागेल पुढे."

नळाचा आवाज सुरू झाला. मी तिथेच उभी.

आता बाहेर आलाय, टॉवेल खांद्यावर, फोन कानाला. "कोण रॉंग नंबर म्हणतंय गं," म्हणतोय. "नीट सांग बघू परत."