दुसरं कुठलंही औषध चालू नाही

छत्रपती संभाजीनगर,
२ डिसेंबर

चि. सौ. माया,
अनेक आशीर्वाद. सौरभनं तुझा फोन विकल्यापासून आपण नणंद-भावजया पुन्हा पोस्टमनच्या हवाली झालो! तर ऐक. ऊसतोडीत अंगदुखीच्या कॅप्सूल खाता खाता लागलेली नशा सुटावी म्हणून इथल्या व्यसनमुक्ती केंद्रातून त्याला रोजचं पातळ औषध घरी न्यायला मिळतं. ते रक्तात किती उरतं, हे सकाळचा डोस घ्यायच्या आधी रक्त काढून बघतात. याही वेळी प्रमाण फारच कमी निघालं. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा डोस वाढवला, पण मला बाजूला घेऊन विचारलं की औषध नक्की त्याच्याच पोटात जातं ना. माझी मान खाली गेली. तो ते विकतोय का? माझा भाऊ म्हणून त्याला पाठीशी घालू नकोस.

आईला नमस्कार. रागावले आहे, पण तुझ्यावर नाही.
तुझी वनमाला

शिरूर कासार, वस्तीवरून,
१४ डिसेंबर

ती. वनमालाताईंना,
शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचून दोन दिवस घास उतरला नाही. ताई, औषध मी माझ्या हातानं पाजते, वर तोंड उघडायला लावून बघते. ते विकत नाहीत.

पण एक गोष्ट लपवली, ती आज सांगते. जूनपासून त्यांना टीबी होता. धाकट्या वन्संची, धनश्रीची सोयरीक तुमच्याच सासरकडून आलेली. भावाचं व्यसन त्या मंडळींनी पोटात घातलं, त्यात आता टीबी कुठल्या तोंडानं सांगायचा, असं तुमच्या आई, आत्याबाईच म्हणाल्या. म्हणून केंद्राच्या कागदावरही दुसरं कुठलंही औषध चालू नाही, असंच लिहून दिलं. आता घोर मिटला. पाच तारखेला टीबीचा कोर्स संपला, थुंकीही स्वच्छ निघाली. वाढवलेला डोसही लागू पडला. परवा भाकरी हातात धरूनच डुलक्या घेत होते. लई गोड झोप येती, म्हणाले. दोन वर्षांनी हसताना पाहिलं, ताई.

चुकले, पण मला परकी करू नका.
आपली माया

छत्रपती संभाजीनगर,
१८ डिसेंबर, पहाटे

माया,
नमस्कार-चमत्कार राहू दे. काल संध्याकाळी तुझं पत्र आलं, तशीच डॉक्टरांच्या घरी गेले. ते ताडकन उठले. टीबीच्या गोळ्या हे औषध रक्तातून संपवत होत्या, म्हणून प्रमाण कमी यायचं. गोळ्या बंद झाल्या, डोस मात्र तिप्पटच राहिला. आता ते रोज रक्तात साठतंय. ती गोड झोप नाही गं, विष चढतंय. आजचा डोस देऊ नकोस. उठत नसेल तर रस्त्यावर धाव, कुणाच्याही फोनवरून १०८ लाव. वस्तीवरची फोनवाली घरं सगळी ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली, म्हणून ही चिठ्ठी पहिल्या एसटीच्या कंडक्टरकडे देते. केंद्र उघडलं की डॉक्टरांचा कागद घेऊन मागच्या गाडीनं निघते.
वनमाला

वस्तीवरून,
१८ डिसेंबर

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि. अजून तुमचं उत्तर नाही, म्हणजे राग गेलेला नाही. स्वारी दहा वाजले तरी अंथरुणात आहे. घोरणं पार गोठ्यापर्यंत ऐकू येतं, आत्याबाई हसतात. तुमचा संशय मला फार लागला होता, म्हणून एकही डोस चुकवत नाही. आजही सातला मान धरून, अर्धवट झोपेतच पाजला. उठले की त्यांनाच तुम्हाला दोन ओळी लिहायला लावते.

एवढा राग सोडा.
आपली माया

ता. क. आता घोरणंही थांबलं, अगदी शांत झोप लागली आहे. बाहेर कुणी हाका मारतंय, कंडक्टरनं फाट्यावर तुमची चिठ्ठी दिलीय म्हणे. ती वाचते, मग त्यांना उठवते.