दहा लाख एकचा ताळा

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बाबा आज गोडदेव नाक्यावरून पेढे घेऊन आले. १०००००१ ला कशानेच भाग जात नाही, मूळ संख्या आहे, हे सिद्ध झालं म्हणे. शेजारच्या भाभींनाही सांगून झालं, "भाभी, प्राइम निकला." तीन महिने रोज दोन-तीन भागाकार, शाळेत शिकवायचे तसेच, प्रत्येकापुढे उलट गुणाकार करून ताळा. मध्ये आई गेली, पण वही थांबली नाही. खरं तर वहीनेच त्यांना धरून ठेवलं.

मला म्हणाले, "तू एकदा तपास."

मी १०१ पाशी अडकले. शेवटचा एक खाली घ्यायचाच राहिलाय आणि बाकी दहा लिहिलीय. पुढे ताळा नाही. अख्ख्या वहीत फक्त तिथेच नाही. तारीख बघितली. आई गेल्याचं सांगायला मी हॉस्पिटलमधून फोन केला, ती संध्याकाळ.

१०१ गुणिले ९९०१. दोनदा केलं. बरोबर दहा लाख एक. भाग जातो.

सांगायला हवं होतं का? एक पायरी गाळली तरी माझे मार्क कापणारा माणूस...

"बरोबर आहे, बाबा," मी म्हणाले.

"ताळा केलास?"

"हो."

तेवढं मात्र खरं होतं.