पाहुणी गेल्यावर बोलायचं ते

आई, तुझी ती जपानी विद्यार्थिनी परवा मुलुंडच्या घरी येऊन गेली. आता चाळिशीला टेकलीय, बरोबर तिची शाळकरी मुलगी होती. आल्या आल्या तुझ्या फोटोसमोर कमरेतून वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली. मला मनात आलं, ऊठ गं बाई आता, एवढं काही नव्हतं माझ्या आईत. तोंडाने म्हटलं नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी या घरात तुझ्याबद्दल वाकडं बोलायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून लिहितेय.

तिचा काका अंधेरीला एका कंपनीत होता. पुतणीचं इंग्रजी सुधारावं म्हणून त्याने तिला तुझ्याकडे राहायला ठेवलं, कारण शाळेतून रिटायर झाल्यावर तू हॉलमध्ये इंग्लिश स्पीकिंगचा क्लास चालवायचीस. मी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये ऑफिसचं काम करायचे आणि घरात पाय ठेवल्या ठेवल्या सगळ्यांचा चहा टाकायचे. अजून दिसतं मला. मी ट्रे घेऊन उभी आहे आणि तू विशेषणं शिकवतेयस. ‘माय डॉटर इज स्लो,’ तू म्हणतेस, आणि सगळा वर्ग तुझ्यामागून म्हणतो. मग स्लोअर, मग स्लोएस्ट. उदाहरण समोरच उभं असल्यामुळे सगळ्यांच्या पटकन लक्षात राहतं. बाकीची पोरं चहा घेताना माझ्याकडे बघायचं टाळायची. ही मात्र माझ्याकडे बघून गोड हसायची. तिचा असा संताप यायचा, वाटायचं हिच्या कपात थुंकून द्यावं.

जेवतानाही तेच. पापलेटची मधली तुकडी तिच्या ताटात, शेपूट माझ्या. ‘ही नुसती अंगाने वाढलीय, डोक्याने नाही,’ हे तू मुद्दाम इंग्रजीत सांगायचीस, तिलाही कळावं म्हणून. फारच चिडलीस की इंग्रजी सुटायचं आणि मालवणी यायचं, ‘तुका कधी अक्कल येतली गे?’ ती विचारायची, बाई आता काय म्हणाल्या? आणि तू सावकाश, सोपे शब्द निवडून तिला समजावून सांगायचीस. माझ्याशी इतक्या सबुरीने तू कधी बोलली नाहीस.

ती परत जायला निघाली त्या दिवशी क्लासचा निरोपाचा कार्यक्रम ठेवलास. शेजारच्या बायका आल्या होत्या, वेफर्स होते, चहा होता. जाणाऱ्याने इंग्रजीत भाषण करायचं हा तुझा नियम. तिने विषय घेतला, मला दिसलेली इथली माणसं. म्हणाली, इथे चपला दाराबाहेर काढतात, आमच्यासारख्याच. इथे पहिल्याच भेटीत पगार विचारतात आणि लग्न का नाही झालं तेही विचारतात. बायका हसल्या. मग ती म्हणाली, पण सगळ्यात सुंदर गोष्ट मी याच घरात पाहिली. आमच्याकडे जपानात आई परक्या माणसासमोर आपल्या मुलीला मूर्ख म्हणते, कामाची नाही म्हणते. स्वतःच्या माणसाला खाली ठेवून पाहुण्याचा मान राखायचा, ही आमची रीत. पाहुणा गेला की मग आई मुलीला खरं काय ते सांगते. बाईंनी माझा केवढा मान राखला. मला फक्त वाईट याचं वाटतं, की मी इतके महिने इथे राहिले आणि माझ्यामुळे बाईंना आपल्या मुलीशी खरं बोलता आलं नाही. आज मी जातेय. आता त्यांना बोलता येईल.

शेजारची काकू पदराशी चाळा करत बसली. तू टाळ्या वाजवल्यास आणि म्हणालीस, ‘गुड. दोन ठिकाणी काळ चुकला.’

तिची टॅक्सी गेली. मी स्वयंपाकघरात कप विसळत होते आणि, हसू नकोस, वाट बघत होते. तू आत आलीस, डबा उघडून उरलेले वेफर्स बघितलेस आणि म्हणालीस, ‘भोळी आहे पोरगी. एवढी राहिली, पण काही कळलं नाही तिला.’ जाता जाता वळून म्हणालीस, ‘आणि चहा पांचट झाला होता.’

तरी मी वाट बघत थांबले, एवढी मी स्लो. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा तुला भेटायला येणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवायचे. सांगायचे, झोप लागलीय. काकूलाही आत घेतलं नाही. लोकांना वाटलं पोरगी आईला किती जपते. जपत कसली होते, घरात परकं कोणी राहायला नको होतं. दोघीच आपण. आता कोणाचा मान राखायचाय? मी तुझ्या उशाशी बसून राहायचे. शेवटच्या दुपारी तू डोळे उघडलेस, माझ्याकडे नीट बघितलंस आणि म्हणालीस, ‘पंखा कमी कर.’

परवा तुझ्या त्या विद्यार्थिनीने मुलीची ओळख करून देताना मला सांगितलं, ही अगदी ढ आहे, आळशी आहे. पोरगी खाली लादीकडे बघत होती. पोरगी हात धुवायला गेली तशी तिची आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, फार गुणी आहे हो माझी मुलगी, रोज झोपवताना सांगते तिला. म्हणजे ती रीत खरीच होती, आई. आपल्याकडे फक्त त्या रीतीचा पहिला अर्धा भाग होता. मग तिने विचारलं, त्या दिवशी मी गेल्यावर बाई काय म्हणाल्या?

मी सांगितलं. म्हटलं, आईने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, तू आहेस म्हणून हे घर उभं आहे, तुझ्यासारखी मुलगी मला मिळाली हे माझं नशीब. पाहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, आणि त्याची मला लाज वाटली.

हे तुला पोचणार नाही तेच बरं, लाल पेनाने तपासून परत केलं असतंस. एवढंच सांगते, ते वाक्य मला परवा सुचलेलं नाही. कप विसळताना, तू आत येण्याआधी, मी ते तुझ्या तोंडी घालून ठेवलं होतं, तुझ्याच इंग्रजीत. परवा ते पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. कुठे चुकलं नाही.