काट्याआधीचा तालिमखाना

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मी आज तुमच्यावर चिडून लिहायला बसलोय.

सध्या गंगाखेडला एका ताईंच्या घरामागच्या खोलीत राहतो, त्यांची बाग बघतो. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. मागच्या अंगणात उसाच्या पाटाचं पाणी झिरपतं, बारा महिने चिखल. गुलाब कुजला, जास्वंद कुजली. मीच तोंड घातलं, तालिमखाना लावू, निळंजांभळं फूल येतं, त्याला पाण्यातच बरं वाटतं.

"वळखता येतंय का तुला?" ताईंनी विचारलं.

"आमच्या आबांनी शिकवलंय."

"बघ हं. दसऱ्यापर्यंत फूल दिसलं न्हाई तर मुरूम टाकून फरशी करते. मग तुझं बी काम न्हाई इथं."

आपली मेंढरं विकल्यापासून मी कुठं टिकलोच नव्हतो. कारखान्यावर नाही, सोनपेठच्या हॉटेलात नाही. इथं मात्र राहावंसं वाटायलंय.

शिकवलं तर होतं तुम्ही. पालमच्या अलीकडं एकाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली. तळ्याकाठचं वाळकं झाड मी उपटायला जातो आणि बोटातून रक्त. "हात घालायच्या आदी डोळं घाल की, येड्या!" मग काठीनं दाखवता. चौकोनी काडी, गाठीगाठीला सहा काटे. बी जिभेवर ठेवायला लावता, ते फुगून टाळूला चिकटतं, मी थुंकत सुटतो. तेवढ्यात तो शिंगमोडका एडका हरभऱ्यात शिरला होता आणि तो शेतकरी... राहू दे ते.

बी मी जिभेवर पारखूनच आणलं. चिखलात दाबलं, लय दाट उगवलं. मग मी काटे शोधायला लागलो. काटा नाही ते तण, असं म्हणत सगळा वाफा उपटून उकिरड्यावर टाकला. दसरा तोंडावर आला, आणि आज सकाळी दगडाआड चुकून राहिलेली रोपं दिसली. त्यातल्या थोराड रोपाच्या खालच्या गाठीला मऊ, हिरवट टोक फुटलेलं. लेकराला दात उशिरा येतात, तसा काटा.

तुम्हाला मनातल्या मनात लय बोललो, लहान रोपाला काटा नसतो हे सांगितलंच नाही म्हणून. मग आठवलं. पावसाळाभर आपण माळावर असायचो, ओलीत मेंढरांचे खूर कुजतात म्हणून. तळ्याकाठी उतरायचो ते दिवाळीनंतर. तोवर झाड काट्यांनी भरलेलं. लहान रोप तुम्ही तरी कधी बघितलं होतं?

ताई मागं येऊन उभ्या. "एवढीच? बाकीची?"

मी उकिरड्याकडं बोट केलं. त्या उकिरड्यापाशी जाऊन बघून आल्या.

"मुरमाचा ट्रॅक्टर उद्या येतोय," त्या म्हणाल्या. "हा कोपरा सोडायला सांगते. फुलला तर रहा. न्हाई तर तुझं तू बघ."

आता फूल येईस्तोवर जीव टांगणीला. हा कागद कुठं पाठवणार, उशाखाली ठेवतो. पण जाता जाता ताईंनी विचारलं होतं, "आबांनी हे शिकवलं न्हाई का रे?"

मी म्हणालो, "शिकवलं होतं की. माझंच ध्यान नव्हतं."