रानातल्या रस्त्यावरची भाजी

मंगळवार, संध्याकाळ, क्योतो

सईचा फोन नाही. जीव टांगणीला लागलाय. सरकारी रान हात न लावता राखून ठेवण्याइतकं सलग मोठं आहे का, हे मोजणं माझ्या या नातीचं काम. मधला जुना लाकूडतोडीचा रस्ता हिशोबात धरला, तर रानाचे दोन तुकडे होतात नि दोन्ही कमी भरतात, मग रान राखलं जात नाही.

रविवारी तिने मलाही तिथे नेलं. मी त्या रस्त्यातच बसून पिशवीभर नेच्याचे कोंब खुडले. इथे त्यांची भाजी करतात, नि कोवळे होते ना!

"आजी, इथलं काही तोडायचं नसतं!"

"अगं, गाड्या जातात तिथे एवढी भाजी उगवते होय?"

मग सई रस्त्यातल्या कोंबांचेच फोटो काढत बसली. आज ते फोटो तिच्या कामावरच्या सरांपुढे. मी उगाच बोलले का?

आला फोन! कोंब उगवलेत म्हणजे वापर नाही, म्हणून रस्ता धरला नाही; रान एकच, राखणार! "पण आता खुडायचं नाही हं, आजी."

नाही बाई. पिशवीतली शेवटची मूठ तेवढी तिच्यासाठी परतते.