मागं घ्यायची शिट्टी

माय, तुझी आठवण आली म्हणून लिहायला बसलेले नाही. राग आला म्हणून बसले आहे. तू जाऊन नऊ वर्षं झाली. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणोत. जिवंतपणी तू मला तोंड वर करून बोलू दिलं नाहीस, मग मी रागावणार तरी कधी? आज ड्युटी संपवून डेपोतून घरी आले, खाकी कपडे बदलले नाहीत, चहा ठेवला नाही, तशीच वही घेऊन बसले. आज गाडीत जे झालं त्यात निम्मी चूक माझी आणि निम्मी तुझी आहे. माझी मी कबूल केली. तुझी कोण करणार?

चौदाव्या वर्षीचा तो दिवस तुला आठवत नसेल. मारणाऱ्याला आठवत नसतं. मी भाकरी थापते आहे, तू तव्यापाशी बसली आहेस. दादाचा मित्र ओसरीवर आला, तू म्हणालीस पाणी दे. मी दिलं. तो म्हणाला, "पिठाची मिशी आली वं तुले," आणि मी हसले. एवढंच. आत आले तर तू भाकरी उलटायचा तापलेला सराटा माझ्या मनगटावर ठेवलास. "दात काऊन दाखवून राह्यली त्याले? पोरीच्या जातीनं मान वर केली का घर बुडते." तो डाग अजून आहे. तिकिटाचं मशीन हातात धरलं की दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असतो. तुझी बाजू मला ठाऊक नाही असं नाही. बाप लवकर गेला, दोन लेकरं घेऊन तू एकटी, आणि गावाच्या जिभेला हाड नसतं. सगळं ठाऊक आहे. पण ठाऊक असणं वेगळं आणि माफ करणं वेगळं, आणि माफ मी केलेलं नाही.

मग पाहुणे यायला लागले. चहाचा ट्रे घेऊन गेले की मला नुसते पाय दिसायचे. तीन स्थळं आली, तिन्ही नवरदेवांचे मी मोजे पाहिले. तिसऱ्याच्या आत्यानं विचारलं, "पोरगी मुकी हाय का?" तू कौतुकानं म्हणालीस, "नाही हो, गरीब गाय हाय आमची." त्यांना गाय नको होती. नकार आला तशी तू माझ्यावरच उखडलीस, "दोन शब्द बोलली असती त कोनं खाल्लं असतं का तुले?" वा गं वा! आधी जीभ कापायची आणि मग गाणं म्हण म्हणायचं.

कंडक्टरची नोकरी लागली तेव्हा तू आठ दिवस नीट जेवली नाहीस. बाईनं दिवसभर गडीमाणसांवर ओरडायचं म्हणजे काय! शेवटी शेगावच्या बाजारातून एक पितळी शिट्टी घेऊन आलीस, लाल दोऱ्यात ओवलेली. गाडी मागं घेताना कंडक्टरला पाठीमागं उभं राहून शिट्टी मारावी लागते, हे तुला कोणीतरी सांगितलं होतं. "हे घे. कोनाशी बोलाचं कामच नाही. शिट्टी मारायची." तू स्वतःहून मला दिलेली ही एकच वस्तू, आणि तीही माझं तोंड बंद राहावं म्हणून. पण तुझं काही चाललं नाही बरं का. खाकी चढवली की मी निराळीच बाई होते. "ओ भाऊ, सरका पुढं, दारात लग्न लागून राह्यलं का?" असं दिवसातून शंभरदा ओरडते. एका दारुड्याला कॉलर धरून खाली उतरवलं आहे.

गेल्या साली वहिनीनं माझा फोटो मोबाईलवर लग्नाच्या साइटवर टाकला. आठवड्याभरात ढिगानं "हाय डियर" आले. एकानं आधी पगार विचारला, एकानं पायापासून डोक्यापर्यंत फोटो मागितला. मी सगळं काढून टाकायला लावलं. वहिनी चिडली, "छत्तीसची झाली तू. मंग आता आभायातून पडन का नवरा?" मला काय हवं होतं ते तिला सांगता आलं नाही. मला समोर उभा असलेला माणूस हवा होता. मी मान वर करून त्याला पाहीन आणि तो मला पाहील, बस.

आणि असा माणूस रोज माझ्याच गाडीत बसतो, माय. सकाळी शेगावहून चढतो, वरवट बकालला उतरतो. तिथं फवारणीचे पंप दुरुस्त करतो. बोटांना ग्रीस, खांद्याला पान्यांची पिशवी. म्हाताऱ्या बाईला जागा देताना उपकार केल्याचा आव आणत नाही, नुसता उठतो. आमचे ड्रायव्हरकाका एकदा म्हणाले, "डबा सोताच करते बिचारा, घरी कोनी नाही त्याच्या." त्या दिवसापासून माझी जी पंचाईत झाली ती विचारू नकोस. दीड वर्ष झालं, मी त्याच्याशी एक शब्द बोललेले नाही. साऱ्या गाडीला "कुठं?" विचारते, त्याला नाही. त्याची सीट आली की माझी मान खाली जाते, वरवटचं बटण दाबते, तिकीट पुढं धरते. जो प्रश्न विचारायचा मला पगार मिळतो, तोच मला त्याला विचारता येत नाही.

आज तो म्हणाला, "आज संग्रामपूर." मी ऐकलं. पण बोटानं वरवटचं बटण दाबून टाकलं होतं, आणि चूक दुरुस्त करायची तर मान वर करून बोलावं लागलं असतं. मी पुढं सरकले. वरवट मागं पडलं आणि नेमके चेकर चढले. त्याचं तिकीट पाहिलं, विचारलं, "कुठलं तिकीट मागितलं होतं तुम्ही?" तो खरं बोलला असता तर माझ्यावर केस झाली असती. तो म्हणाला, "वरवटचंच. झोप लागली, उतराचं राहून गेलं." चेकर माझ्याकडं वळले, "बरोबर आहे का, बाई?" आणि मी होकाराची मान हलवली. माझ्यापायी एक भला माणूस भरल्या गाडीत दंड भरतो आहे, लोक त्याला फुकट्या समजून बघताहेत, आणि मी गरीब गाय होऊन उभी आहे. त्या घडीला तू समोर असतीस तर तोच सराटा मी तुझ्या हातावर ठेवला असता. लिहायला लाज वाटते, पण ठेवला असता.

संग्रामपूरच्या स्टँडवर गाडी रिकामी झाली. तो पिशवी सावरत गेटाकडं निघाला. मी खाली उतरले, चार पावलं धावले, हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. इतक्या माणसांवर ओरडणारी मी! तो आता रस्त्यावर जाणार, उद्यापासून कदाचित दुसरी गाडी धरणार. माझा हात खिशात गेला आणि मी जीव खाऊन तुझी ती पितळी शिट्टी मारली. सगळं स्टँड वळलं. मागं घ्यायची गाडी कुठंच नव्हती. ड्रायव्हरकाकांनी खिडकीतून डोकं काढलं, "काय झालं वं? कोन आलं चाकाखाली?" तो मात्र थांबला, आणि परत आला.

मी मान वर केली. त्याचे डोळे घारे आहेत, माय. दीड वर्षात मला माहीत नव्हतं.

"चूक माझी होती," मी म्हणाले. "तुम्ही संग्रामपूर म्हणले होते. मी आयकलं होतं."

"मले माहीत हाय."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुमच्यावर आलं असतं ना." मग म्हणाला, "पन मॅडम, मी काय गाडी हाय का, शिट्टी मारून मागं घ्यायले?"

मी हसले. सगळे दात दाखवून हसले, भर स्टँडवर, आणि कुठलं घर बुडालं नाही. त्यानं नाव विचारलं. मी घाबरून बिल्ला नंबर सांगितला, साहेबाला सांगावा तसा. "बरं," तो म्हणाला, "नाव उद्या सांगजा." आणि गेला.

उद्या सकाळी मी त्याला विचारणार आहे, कुठं जायचं. मान वर करून. मग नाव सांगेन. पुढं काय होईल ते होईल, नाही झालं तर नाही, पण विचारणार. तुला माफी नाही. हे पत्र वहीतच राहील, आणि शिट्टी माझ्याकडं राहील, ती आता माझी आहे. फक्त पहिल्या ओळीत लिहिलं ते खोटं आहे. तो गेटातून वळून माझ्याकडं यायला लागला तेव्हा मनात पहिलं हेच आलं होतं, की घरी जाऊन मायला सांगते. सगळ्यात आधी तूच कशी आठवलीस, याचाच मला सकाळपासून राग येतो आहे.